अर्ध्या गुंठ्याचं घर

बारावीचा निकाल लागतो, मुलगा किंवा मुलगी पुण्याला ॲडमिशन घेते आणि नीरा-बारामती रस्त्यावरच्या कितीतरी घरांत एक विषय हमखास निघतो. मग ते घर कोऱ्हाळे बुद्रुकचं असो, वडगाव निंबाळकरचं असो नाहीतर सोमेश्वरनगरचं. पहिलं वर्ष होस्टेलवर जातं. दुसऱ्या वर्षी कॉट बेसिसवर खोली. मग धाकट्याचीही पुण्याला जायची वेळ येते आणि जेवताना कुणीतरी म्हणतं, "दोघांचं भाडं भरण्यापेक्षा एखादा जुना फ्लॅटच घेऊन टाकू की!"

मग हिशेब सुरू होतो. उसाच्या बिलाचे इतके, बँकेतल्या ठेवीचे इतके, रस्त्याकडेचे दोन गुंठे विकले तर त्याचे इतके. आणि सगळ्यात शेवटी हळूच एक वाक्य येतं, "तुझ्या पाटल्या आणि गंठण मोडलं तर तेवढंच कर्ज कमी."

मैत्रिणींनो, इथपर्यंत आपण त्या बोलण्यात असतो. पण पुढचं सगळं, म्हणजे एजंटशी बोलणं, कागद बघणं, टोकन देणं, हे 'पुरुषांचं काम' होऊन जातं. आपल्याला बोलावणं येतं ते ओटा कुठल्या दिशेला आहे हे बघायला, नाहीतर थेट वास्तुशांतीला. सोनं आपलं जातं, हप्त्यासाठी घरखर्चात काटकसर आपण करतो, पुण्यात पोरांजवळ महिना महिना जाऊन राहणार आपणच. मग फ्लॅट घेताना काय बघायचं हे आपल्याला नको का कळायला? कळणं अवघडही नाही. उलट आपल्या भागातल्या बाईला ते शहरातल्या बाईपेक्षा लवकर कळेल, आणि त्याला कारण आहे.

जुनाच का बघतात?

समजा, कोऱ्हाळ्यातल्या एका ताईंच्या घरी हा विषय निघालाय. जेजुरी, सासवड करत दिवे घाट उतरला की हडपसर लागतं. गावाकडून येणं-जाणं सोपं, म्हणून त्या बाजूला पंचवीस-तीस वर्षांच्या एका इमारतीत साडेपाचशे चौरस फुटांचा फ्लॅट बघितला. किंमत समजा चाळीस लाख.

सासूबाई हिशेबाला पक्क्या. त्यांनी विचारलं, "साडेपाचशे फूट म्हणजी किती गं?" सूनबाई म्हणाल्या, "आत्या, गुंठा एक हजार एकोणनव्वद फुटांचा. म्हणजे अर्धा गुंठा झाला." सासूबाईंनी कपाळाला हात लावला. "अर्ध्या गुंठ्याला चाळीस लाख? आगं, तेवढ्यात आपण दोन म्हशी बांधतो!"

त्यांचं चुकलं नाही. पण जुना फ्लॅट घेण्यामागेही व्यवहार असतो. बांधकाम चालू असलेल्या नव्या फ्लॅटवर जीएसटी लागतो. २०१९ पासून तो साधारणपणे पाच टक्के आणि परवडणाऱ्या घरांना एक टक्का आहे. वापरात असलेल्या जुन्या फ्लॅटवर जीएसटी नाही. ताबा लगेच मिळतो, म्हणजे भाडं आणि हप्ता दोन्ही एकदम भरावं लागत नाही. शाळा, दवाखाना, बसथांबा जवळ असतो. मुख्य म्हणजे इमारत उभी असते, आत माणसं राहत असतात. डोळ्यांनी बघता येतं, चार जणींना विचारता येतं.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवायची. नव्या प्रकल्पांवर लक्ष ठेवायला 'रेरा' म्हणजे २०१६चा कायदा आहे, आणि आपल्याकडे २०१७ पासून महारेराचं काम सुरू आहे. बिल्डरनं काय कबूल केलं ते त्यांच्या वेबसाइटवर बघता येतं. पण त्याआधीच बांधून पूर्ण झालेल्या इमारतींची तिथे नोंद नसते. तिथे राखण आपली आपणच करायची.

ही पण सोसायटीच!

आता ते कारण सांगते. फ्लॅट विकत घेतो म्हणजे आपण नक्की काय घेतो? चार भिंती, दोन खिडक्या? त्या आहेतच. पण खालचे खांब, वरची गच्ची, जिना, पाण्याची टाकी, लिफ्ट, ड्रेनेज आणि मुळात ज्या जमिनीवर हे सगळं उभं आहे ती जमीन, हे सगळ्यांचं मिळून असतं. ते सांभाळते गृहनिर्माण संस्था, म्हणजे आपण जिला नुसतं 'सोसायटी' म्हणतो ती.

आणि ही सोसायटी म्हणजे कोण? आपल्या गावातल्या विकास सोसायटीची, दूध संस्थेची, पतसंस्थेची आणि सोमेश्वर कारखान्याची बहीणच. सगळ्या 'महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६०' याच कायद्याखाली चालतात. गृहनिर्माण संस्थांसाठी या कायद्यात २०१९ साली वेगळं प्रकरण घातलं, पण मूळ तेच. तोच शेअर, तीच सभासद यादी, तीच समिती, तीच सप्टेंबरअखेरपर्यंत घ्यायची वार्षिक सभा, तेच ऑडिट आणि तोच 'अ, ब, क, ड' ऑडिट वर्ग.

सभेच्या आधी कारखान्याचा अहवाल घरी येतो की नाही? कुणी चाळतं, कुणी त्यावर हिशेब करतं. पण ठेवी किती, देणी किती, घसारा किती, भाव काय देणार, हे शब्द आपल्या घरात कानावर पडलेले असतात. बचत गटात तर आपण स्वतः वही लिहितो. कोण थकलंय, कुणाचं व्याज राहिलंय, बँकेत शिल्लक किती, हे दर महिन्याला बघतो. जुना फ्लॅट घेताना नेमकं हेच बघायचं असतं. पुण्यात जन्मलेल्या कितीतरी जणींना सोसायटीचा ताळेबंद माहीत नसतो. आपल्याला निदान तो शब्द तरी नवा नाही.

जपान्यांचं एक वाक्य

जुन्या फ्लॅटच्या बाबतीत शहाणपण शिकावं ते जपानकडून. तिथे फ्लॅटला 'मान्शोन' म्हणतात. शब्द आलाय इंग्रजी 'मॅन्शन'वरून, म्हणजे वाडा! जागा बघाल तर दोन-तीन खोल्यांची. पण तिथे भूकंप पाचवीला पुजलेला, त्यामुळे जुनी इमारत घेताना माणसं फार जपून पावलं टाकतात.

पहिला प्रश्न असतो, इमारतीला परवानगी १ जून १९८१च्या आधीची की नंतरची? त्या दिवसापासून तिथे भूकंपाचे कडक नियम लागू झाले. १९९५ साली कोबे शहराला मोठा भूकंप झाला, तेव्हा जुन्या नियमांच्या इमारतींचं जास्त नुकसान झालं. त्यामुळे ही तारीख घर शोधणाऱ्या सगळ्यांना पाठ असते.

दुसरा प्रश्न दुरुस्तीच्या पैशाचा. तिथे फ्लॅटमालक दर महिन्याला दोन वेगळ्या रकमा भरतात. एक रोजच्या देखभालीची आणि दुसरी पुढच्या मोठ्या दुरुस्तीसाठी साठवायची. बारा-पंधरा वर्षांनी इमारतीला परांची बांधून रंग, गच्ची, पाइप सगळं नीट करायचं, त्याचा आराखडा आधीच तयार ठेवतात. आणि करार होण्यापूर्वी परवानाधारक माणसानं खरेदीदाराला समोर बसवून लेखी माहिती समजावून सांगायची, असा कायदा आहे. इमारतीच्या दुरुस्ती निधीत किती जमा आहे आणि या फ्लॅटची थकबाकी किती, तेही त्यात येतं.

तिथे फ्लॅट घेणाऱ्याला एक वाक्य हमखास ऐकवतात. त्याचा अर्थ असा, की मान्शोन घेताना व्यवस्था विकत घे. खोल्या रंगवता येतात, फरशी बदलता येते. पण वीस-तीस घरांनी मिळून वर्षानुवर्षं पैसा साठवलाय की नाही, हे आपण एकट्यानं बदलू शकत नाही.

आपल्याकडे एजंट हे समजावून सांगत नाही. म्हणून आपण विचारायचं.

ताळेबंदात काय बघायचं?

सोसायटीचे मागच्या तीन वर्षांचे अहवाल आणि ऑडिट रिपोर्ट मागा. आपण अजून सभासद नाही, त्यामुळे सोसायटी आपल्याला देईलच असं नाही. पण फ्लॅट विकणारा सभासद असतो. त्याला कागद बघायचा आणि फी भरून नक्कल घ्यायचा हक्क कायद्यानंच दिलाय. टोकन देण्यापूर्वी त्यालाच ते आणायला सांगा. जो आढेवेढे घेईल, त्याच्याकडे जरा नीट बघा.

अहवालात दोन ओळी शोधायच्या. एक 'सिंकिंग फंड'. इमारतीच्या मोठ्या कामासाठी साठवायचा हा पैसा. आदर्श उपविधीप्रमाणे प्रत्येक फ्लॅटच्या बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान पाव टक्का जमा करायचा असतो. दुसरा 'दुरुस्ती निधी'. तो वर्षाला पाऊण टक्का. हे पैसे ठेवीत आहेत का, की दर वर्षी वॉचमनच्या पगारात नि वीजबिलात संपतात?

एक उदाहरण घ्या. वीस फ्लॅटची इमारत आहे. गच्चीचं वॉटरप्रूफिंग नि बाहेरून प्लास्टर, रंग असं बारा लाखांचं काम निघालं. सोसायटीकडे शिल्लक दोन लाख. राहिले दहा लाख. म्हणजे प्रत्येक घरामागे पन्नास हजार. हे काम तुम्ही राहायला गेल्यावर सहा महिन्यांत निघालं तर ते पन्नास हजार तुमचे. महिन्याचा मेन्टेनन्स कमी आहे म्हणून एजंट खुशीत सांगतो, "फक्त सहाशे रुपये हो वहिनी!" तेव्हा मनात म्हणायचं, दुरुस्तीला काही साठवतच नसतील बहुतेक.

मग थकबाकीदारांची यादी. किती घरं मेन्टेनन्स भरत नाहीत? विकास सोसायटीचं कर्ज थकलं की गावात काय होतं ते आपण बघतो. इथेही तसंच. चार घरं थकली की लिफ्ट बंद पडते, आणि पाचवा मजला चढायचा असतो आपल्याला.

आणि 'स्ट्रक्चरल ऑडिट'. म्हणजे इंजिनिअरनं केलेली इमारतीची तब्येत तपासणी. उपविधीप्रमाणे पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीची दर पाच वर्षांनी आणि तीसच्या पुढच्या इमारतीची दर तीन वर्षांनी ती करायची असते. शेवटचं कधी केलं, त्यात काय काम सुचवलं आणि ते झालं का, हे विचारा. रिपोर्ट कपाटात ठेवून दिला असेल तर तो असून नसल्यासारखाच.

जमिनीचा उतारा कुणाच्या नावे?

शेतीत आपण पहिल्यांदा काय मागतो? सातबारा. फ्लॅटच्या बाबतीत मात्र माणसं टाइल्स बघतात आणि जमीन विसरतात.

बिल्डरनं सोसायटी झाल्यावर जमीन आणि इमारत तिच्या नावे करून द्यायची, असं १९६३च्या महाराष्ट्र ओनरशिप फ्लॅट्स कायद्यातच म्हटलंय. त्याला 'कन्व्हेयन्स' म्हणजे अभिहस्तांतरण म्हणतात. पण कित्येक ठिकाणी ते झालेलंच नाही. इमारत तीस वर्षांची झाली तरी उताऱ्यावर मूळ मालकाचंच नाव. त्यावर उपाय म्हणून २००८ साली कायद्यात दुरुस्ती करून 'मानीव अभिहस्तांतरणा'ची सोय झाली. बिल्डर येत नसेल तरी सोसायटीला सरकारी अधिकाऱ्याकडे अर्ज करून ते मिळवता येतं.

म्हणून प्रॉपर्टी कार्ड नाहीतर सातबारा काढून बघा. वर सोसायटीचं नाव आहे? उत्तम. नाही? तर अर्ज केलाय का, कुठवर आलंय, ते विचारा. पुढे कधी इमारत पाडून नवी बांधायची वेळ आली, तर जमीन कुणाची हाच पहिला प्रश्न येतो.

पुण्यात आणखी एक गंमत आहे. कित्येक इमारतींत सोसायटी नसतेच. त्या 'अपार्टमेंट' असतात. त्यांना १९७०चा अपार्टमेंट ओनरशिप कायदा लागतो. तिथे शेअर सर्टिफिकेट मिळत नाही. त्याऐवजी 'डीड ऑफ अपार्टमेंट' नावाचा नोंदवलेला दस्त असतो आणि जमिनीतला आपला अविभक्त हिस्सा त्यात टक्क्यांत लिहिलेला असतो. सोसायटी असेल तर शेअर सर्टिफिकेट मागायचं, अपार्टमेंट असेल तर डीड मागायचं. दोन्ही नाही म्हणाले, तर तिथून उठायचं.

कागदांची साखळी

बिल्डरकडून पहिल्यांदा ज्यानं घेतला तिथपासून आजच्या मालकापर्यंत प्रत्येक खरेदीचा नोंदवलेला करार हवा. मधली एक जरी कडी गायब असली तर पुढे अडतं. कुणी म्हणेल, "मी कुलमुखत्यारपत्रावर घेतला होता, त्यावरच देतो." सर्वोच्च न्यायालयानं २०११ सालीच सांगितलंय, की नुसत्या मुखत्यारपत्रावर मालकी मिळत नाही. रजिस्टर खरेदीच लागते.

इंडेक्स टू, म्हणजे नोंदणी कार्यालयातला सूची क्रमांक दोनचा उतारा, आपल्याला माहीत आहेच. तो काढा. तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट वकिलाकडून करून घ्या. हा वकील आपला असावा, विकणाऱ्याचा नको. फ्लॅटवर बँकेचं कर्ज आहे का, ते सर्च रिपोर्टमध्ये आणि सोसायटीकडे दोन्हीकडे विचारा. सोसायटीकडून बाकी नसल्याचा दाखला घ्या. नाव लावून घेताना सोसायटीनं हस्तांतरणासाठी किती रक्कम घ्यायची यालाही सरकारी मर्यादा आहे. महापालिका हद्दीत ती पंचवीस हजार रुपये. 'देणगी' म्हणून त्याच्यावर मागितलं तर द्यायलाच हवं असं नाही.

महापालिकेचा भोगवटा दाखला किंवा पूर्णत्वाचा दाखला आहे का, तेही बघा. स्वस्तात मिळतोय म्हणून गुंठेवारीतल्या, दाखला नसलेल्या इमारतीत हात घातला तर बँक कर्ज देत नाही आणि उद्या विकायला गेलं तर गिऱ्हाईकही अडून बघतं.

पावसाळ्यात जा, आणि बायकांशी बोला

फ्लॅट बघायला लोक दिवाळीनंतर जातात. आपण जुलै-ऑगस्टमध्ये जायचं. छत्री घेऊन. एजंटनं दाखवला तेवढा हॉल बघून परतायचं नाही.

आधी पार्किंगमध्ये जा आणि वर मान करा. स्लॅबचं प्लास्टर सुटून गंजक्या सळया दिसतायत का? खांबाला उभ्या भेगा आहेत का? मग गच्चीवर जा. पाणी तुंबतंय का, टाकी गळतीय का? मग आपल्या बाथरूमचं छत बघा. वरच्या घरातलं पाणी झिरपत असेल तर ओल दिसेलच. नवा कोरा रंग एकाच भिंतीला दिला असेल तर तिथे हात लावून बघा. आणि सोबत टेप न्या. जुन्या करारात 'बिल्टअप' नाहीतर 'सेलेबल' असा आकडा असतो. आत चालायला-फिरायला मिळणारी जागा, म्हणजे कार्पेट, त्याहून बरीच कमी भरते. सासूबाईंना सांगितलेला अर्धा गुंठाही मग पुरता राहत नाही!

सगळ्यात खरी माहिती कुठे मिळते? जिन्यात. भाजी घेऊन वर येणाऱ्या मावशींना, लहान मूल घेऊन उभ्या असलेल्या सूनबाईंना विचारा. पाणी किती वाजता येतं? उन्हाळ्यात टँकर किती लागतात आणि पैसे कोण देतं? वार्षिक सभेला माणसं येतात का, की भांडणं होतात? चेअरमन कोण आणि किती वर्षं तेच आहेत? या प्रश्नांना बायका खरं उत्तर देतात. हे काम एजंटसमोर पुरुषांच्यानं होत नाही.

एक गाजर मात्र ओळखायला शिका. "वहिनी, घेऊन टाका, रिडेव्हलपमेंट होणार आहे, डबल जागा मिळेल!" पुनर्विकासाचा निर्णय सर्वसाधारण सभेत होतो. सरकारच्या २०१९च्या आदेशाप्रमाणे त्याला एकूण सभासदांपैकी ५१ टक्क्यांची संमती लागते. ठराव झालाय का? त्याची नक्कल दाखवा म्हणा. ठराव नसेल तर ते एजंटच्या तोंडचं बोलणं. त्यासाठी एक रुपयाही जास्त मोजायचा नाही.

पैशाचा हिशेब

तीस लाखांपर्यंतच्या कर्जात बँकेला मालमत्तेच्या किमतीच्या जास्तीत जास्त नव्वद टक्के देता येतात, तीस ते पंचाहत्तर लाखांना ऐंशी टक्के. ही रिझर्व्ह बँकेनं घातलेली वरची मर्यादा. जुन्या इमारतीला प्रत्यक्षात कमीच मिळतं, कारण बँक स्वतःच्या माणसाकडून मूल्यांकन करते आणि इमारतीचं वय व कर्जाची वर्षं मिळवून बघते. म्हणून टोकन देण्याआधी बँकेत विचारून या.

पुणे शहरात मुद्रांक शुल्क सध्या सात टक्के आहे. चाळीस लाखांच्या फ्लॅटला दोन लाख ऐंशी हजार. नोंदणी फी एक टक्का, पण तीस हजारांच्या वर नाही. म्हणजे तीन लाख दहा हजार तर कागदावरच गेले. त्यात वकील, दलाली, किरकोळ दुरुस्ती धरा. दोन गुंठे विकून आलेला पैसा किती लवकर संपतो ते इथे कळतं. किंमत पन्नास लाख किंवा वर असेल तर विकणाऱ्याला द्यायच्या रकमेतून एक टक्का टीडीएस कापून भरायची जबाबदारी घेणाऱ्याची असते, हेही विसरू नका.

आणि "थोडे वरचे कॅश द्या" याला ठाम नाही म्हणा. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात वीस हजार किंवा जास्त रक्कम रोख घेण्यावर २०१५ पासून आयकर कायद्यानं बंदी आहे. शिवाय व्यवहार फिसकटला तर त्या रोख पैशांची पावती कुठे असते?

आता नावाचं बोलू

वर एवढं सगळं बघितलं, पण खरेदीखतात नाव कुणाचं? हा प्रश्न घरात विचारायला बाईची जीभ रेटत नाही. "माझं-तुझं करायला लागली" असं कुणी म्हणेल, ही भीती.

१९९०च्या सुमारास शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं 'लक्ष्मीमुक्ती'ची मोहीम काढली. शेतकऱ्यांनी आपल्या घरच्या लक्ष्मीच्या नावे थोडी तरी जमीन करून द्यावी, अशी ती हाक होती. पुष्कळ गावांतल्या पुरुषांनी ते आनंदानं केलं. त्यामुळे काही घरं मोडली नाहीत. मग फ्लॅटच्या कागदावर बाईचं नाव येण्यात भांडण कसलं?

उलट त्यात फायदा आहे. १ एप्रिल २०२१ पासून महाराष्ट्रात घर फक्त बाईच्या, किंवा बायकांच्याच, नावे घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते. चाळीस लाखांच्या फ्लॅटला चाळीस हजार वाचले. आधी अशी अट होती की हे घर पंधरा वर्षं पुरुषाला विकायचं नाही. ती अट २०२३ साली काढून टाकली. नवऱ्याबरोबर दोघांचं नाव लावलं तर ही सवलत नाही, पण मालकी दोघांची होते. काय करायचं ते घरात बसून ठरवा, पण ठरवताना तुम्ही त्या बैठकीत असा.

"नॉमिनी लावलंय ना तुझं नाव, मग झालं" यावर मात्र समाधान मानू नका. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. सभासद गेल्यावर सोसायटी नॉमिनीला तात्पुरतं सभासदत्व देते, पण खरी मालकी कुणाची हे वारसा हक्कानं ठरतं. सर्वोच्च न्यायालयानं २०१६ साली हे स्पष्ट केलंय. दीर-जावा, सावत्र-सख्खे असा पेच पडला की नुसतं नॉमिनेशन पुरत नाही. नाव करारात हवं आणि शेअर सर्टिफिकेटवरही हवं.

सोनं मोडणार असाल तर सराफाची पावती स्वतःजवळ ठेवा. ते पैसे आधी आपल्या खात्यात भरा आणि तिथून चेकनं द्या. घरात आपण काय घातलं त्याचा तो पुरावा. हा अविश्वास समजू नका. बचत गटात आपण सख्ख्या जावेलाही पासबुकावर सही केल्याशिवाय पैसे देत नाही, तसंच हे.

आणि घर झालं की तिथल्या सभेला जा. सहकारी संस्थांच्या समितीत महिलांसाठी दोन जागा राखीव असतात. बऱ्याच सोसायट्यांत त्या भरायला बाई मिळत नाही, म्हणून कुणाच्या तरी बायकोचं नाव नुसतं लिहून टाकतात. तिथे खरोखर अहवाल वाचणारी बाई जाऊन बसली, तर वीस घरांचं भलं होईल. दूध संस्थेचा हिशेब कळणारीला गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचं कोटेशन कळायला कितीसा वेळ लागणार?

पर्समध्ये ठेवायची चिठ्ठी

• सोसायटी की अपार्टमेंट? शेअर सर्टिफिकेट किंवा डीड पाहिलं का?
• जमिनीच्या उताऱ्यावर नाव कुणाचं?
• पूर्णत्वाचा किंवा भोगवटा दाखला आणि त्यावरची तारीख. इमारतीचं वय त्यावरून धरा.
• पहिल्या खरेदीपासूनचे सगळे नोंदवलेले करार, इंडेक्स टू, तीस वर्षांचा सर्च.
• तीन वर्षांचे अहवाल. सिंकिंग फंड, दुरुस्ती निधी, थकबाकी, ऑडिट वर्ग.
• शेवटचं स्ट्रक्चरल ऑडिट कधी? सुचवलेलं काम झालं का?
• पावसाळ्यात एक फेरी. पार्किंगचा स्लॅब, गच्ची, बाथरूमचं छत. सोबत टेप.
• जिन्यात भेटलेल्या दोन बायकांशी बोलणं.
• बँकेचं आधी, टोकन नंतर. सगळे पैसे चेकनं.
• खरेदीखतात माझं नाव.